जनावरं खरंच जीव देतात का? विंचू, बैल, लेमिंग आणि बाकीच्या ऐकीव गोष्टी

पांझराकाठ
राम राम मंडळी. आमच्या धुळ्याकडे लहानपणापासून ऐकतोय की विंचवाला आगीच्या रिंगणात कोंडलं की तो स्वतःलाच नांगी मारून घेतो. बैलाचा जोडीदार गेला की दुसरा चारा सोडतो आणि महिन्यात तोही जातो. पतंग दिव्यावर जीव देतो हे तर कीर्तनात ऐकून पाठ झालंय. आता व्हॉट्सॲपने त्यात भर घातली, लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी हजारोंनी कड्यावरून समुद्रात उड्या मारतात, आसामात पक्षी सामूहिक आत्महत्या करतात, स्कॉटलंडात एका पुलावरून कुत्रे उड्या टाकतात, वगैरे वगैरे.
यातलं खरं किती अन् भाकड किती? माझं मत सांगून टाकतो, जनावराला मरण म्हणजे काय हेच ठाऊक नसतं, ते घाबरून पळतं नाहीतर आजारी पडून खाणं सोडतं, बाकी गोष्ट आपण रचतो. खोडून काढा. फक्त "माझ्या मित्राच्या मामाने पाहिलं" असलं नको.

भरीत_प्रेमी
माझ्या मित्राच्या मामाने पाहिलंय 😁

इच्चूकाटा
विंचवाचा प्रयोग आम्ही पोरांनी शिरपूरला केलेला आहे. पावसाळ्याच्या तोंडाला मागच्या वाड्यात दगड उचलला की एखादा निघायचाच. अंगणात रॉकेलचं कडं ओतलं, काडी लावली, विंचू मधोमध. आधी तो कडेकडेने पळाला, मग मध्ये येऊन थांबला, नांगी डोक्यावरून पुढे आली, थरथरली, पाठीवर दोनतीनदा आपटली आणि खलास. आम्ही ओरडलो, मारली मारली, स्वतःला मारली! आजीने बाहेर येऊन आम्हाला मारली ते वेगळं.
पण नंतर मी त्याला काडीने उलटापालटा करून नीट बघितला. पाठीवर टोचल्याची खूण नाही, ओल नाही, पाय मात्र सगळे आत ओढलेले, आक्रसलेले. तेव्हापासून मला डाऊट आहे.

डॉक्टर_गोठेवाले
इच्चूकाटा, तुमचा डाऊट बरोबर आहे. (मी जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे विंचू माझ्या खात्यात येत नाही, पण विषय आवडीचा.) विंचवाला स्वतःच्या अंगाचा ताबा नसतो उष्णतेपुढे. आच लागली की स्नायू आखडतात, शेपटी आपोआप पाठीवर वळते, झटके येतात. तो मरतो भाजून. स्वतःच्या विषाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. लॉइड मॉर्गन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये हे तपासलं होतं, निखारे, भिंगाने एकवटलेलं ऊन, ॲसिड, काय काय केलं बिचाऱ्या विंचवांवर ते वाचवत नाही. निष्कर्ष हाच, की तो अंगावरची चुरचुर झटकायला नांगी मारतो, मरायला नाही.
जाता जाता, लाल विंचू माणसाला मात्र मारू शकतो, लहान पोरांना तर जास्तच धोका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून पुष्कळ जीव वाचलेत. तेव्हा मंत्र उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका, सरळ दवाखाना.

निवृत्त_मास्तर
लेमिंगचं मी सांगतो, कारण हे भाकड मी स्वतः बरीच वर्षं वर्गात शिकवलं जाताना ऐकलंय. नॉर्वेकडच्या थंड प्रदेशातला हा प्राणी. दर तीनचार वर्षांनी त्यांची संख्या बेसुमार वाढते, खायला पुरत नाही, मग झुंडी नवी जागा शोधायला निघतात, वाटेत नदी लागली तर पोहतात, काही बुडतात. एवढंच. कड्यावरून उड्या मारण्याचं चित्र जगभर पोचवलं ते डिस्नेच्या 'व्हाइट विल्डरनेस' या १९५८ च्या माहितीपटाने. त्याला ऑस्करसुद्धा मिळालं. पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने भांडं फोडलं. चित्रण झालं होतं अल्बर्टात, जिथे समुद्रच नाही. लेमिंग आणले होते मॅनिटोबातून, तिथल्या इनुइट (मूळ रहिवासी) पोरांकडून विकत घेऊन. मोठी झुंड दिसावी म्हणून त्यांना फिरत्या तबकडीवर पळवलं आणि शेवटी माणसांनी त्यांना कड्यावरून नदीत लोटलं. ज्याला आत्महत्या म्हणून दाखवलं तो सरळ सरळ खून होता.

केळीवाला_रावेर
काय सांगता मास्तर 😳 ऑस्कर परत घेतलं का मग?

निवृत्त_मास्तर
नाही. ऑस्कर कशाला परत घेतात, आमच्याकडे वाटलेले ढाल-तलवारसुद्धा कोणी परत घेत नाही.

फौजी_चाळीसगाव
आसामचं मी बोलू का, कारण मी हाफलाँगला होतो पोस्टिंगला आणि ते पक्ष्यांचं गाव, जातिंगा, तिथून जवळच आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर, अमावस्येच्या आसपासची काळोखी रात्र, वर धुकं, बारीक पाऊस आणि दक्षिणेकडचा वारा, असं सगळं जुळून आलं पाहिजे, तेव्हाच होतं. संध्याकाळी सहासात ते साडेनऊपर्यंत. गावातले लोक कड्यावर बांबूला दिवे, पेट्रोमॅक्स बांधून बसतात. पक्षी अंधारातून दिव्याकडे येतात, गांगरलेले असतात, भिंतीवर आपटतात, झाडाझुडपात बसून राहतात, हाताने उचलला तरी उडत नाही. आणि मग माणसं बांबूच्या काठ्यांनी झोडपतात. मी डोळ्याने बघितलंय, एक बगळ्याच्या जातीचा पक्षी दिव्याखाली मान पोटात घालून बसला होता, पंख ओले चिंब, मी हात लावला तर नुसता डोळा उघडला. त्याने आत्महत्या केली नाही साहेब, त्याला शिजवून खाल्ला. सलीम अलींसारखी माणसं तिथे लक्ष घालून गेली, सगळ्यांचं म्हणणं तेच, धुक्यात दिशा चुकलेले पक्षी आणि उजेड. आता तिथे जनजागृती बरीच झालीये म्हणे.

भरीत_प्रेमी
म्हणजे लेमिंगला ढकललं, पक्ष्याला झोडपलं, विंचवाला भाजलं. प्रत्येक आत्महत्येच्या जागी माणूस हजर कसा काय? 🤔

पांझराकाठ
भरीत_प्रेमी पहिल्यांदा कामाचं बोललास भो.

सातपुडी
स्कॉटलंडच्या पुलाचंपण तसंच आहे. ओव्हरटून ब्रिज, डंबार्टनजवळ. पुलाला दगडी कठडा आहे, भरीव, कुत्र्याच्या उंचीवरून पलीकडची खोली दिसतच नाही, त्याला वाटतं पलीकडे जमीन आहे. खाली झुडपात मिंक नावाचा मुंगसासारखा प्राणी राहतो, त्याचा वास उग्र. जास्त करून लांब नाकाच्या जातीचे कुत्रे, कोरड्या स्वच्छ दिवशी, म्हणजे वास चांगला येतो तेव्हा उडी मारतात. शिकारीला गेला आणि दरीत पडला, असा अंदाज आहे. भुताच्या गोष्टी मागून चिकटल्या.

गडकोट
कुत्र्यांवरून विषय निघालाच आहे तर रायगडावरच्या वाघ्याचं काय? महाराजांच्या चितेत उडी घेतली म्हणतात. समकालीन कागदपत्रात एका ओळीचासुद्धा आधार नाही. पुतळा १९३६ चा. २०१२ ला हलवला होता, परत बसवला. आणि तरी

मालेगावकर
@गडकोट, आमच्या भावना दुखावतात राव, मुक्या जिवाची निष्ठा होती ती, सगळ्याला कागद मागता का तुम्ही, तुमच्या आजोबांच्या जन्माचा कागद आहे का

गडकोट
आजोबांचा पुतळा नाही बसवला आम्ही.

संपादक
वाघ्याचा वाद इथे नको, त्यावर आधीच तीन धागे कुलूप लावून ठेवलेत. पुढचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. प्राण्यांवर बोला.

ठेलारीवाट
आमच्या साक्रीकडे मेंढरांचं असतं हे. आमचे लोक ठेलारी, निम्मं वर्ष बाहेर वाड्यावर. मेंढरू एकटं कधी विचार करत नाही, पुढचं गेलं का मागचं गेलं. रात्री लांडगा आला, वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) तोडून मेंढरं उधळली आणि कठडा नसलेल्या विहिरीत एकामागून एक पडली, असं माझ्या चुलत्याच्या वाड्यावर झालेलं आहे. सकाळी पंचनाम्याला आलेला माणूस विचारे, एवढी एकाच विहिरीत कशी काय, ढकलली का? कोण ढकलणार बाबा, मागचीला पुढची दिसत होती तेवढंच. नुकसानभरपाईचं काय झालं ते विचारू नका.

सातपुडी
तुर्कस्तानात २००५ मध्ये हेच झालं, गेवाश गावाजवळ. एक मेंढी कड्यावरून गेली, मागे जवळजवळ १५०० गेल्या. मेल्या ४५० च्या आसपास, बाकीच्या वाचल्या कारण खाली आधीच पडलेल्या मेंढ्यांचा ढीग मऊ झाला होता. मेंढपाळ न्याहारी करत होते.

केळीवाला_रावेर
बैलांना पण सोसायटीचं कर्ज असतं का, म्हणून जीव देतात 😂

दादरची_भाकर
भाऊ हा विनोद नको. आमच्या गल्लीत दोन घरं आहेत अशी. बैल मरतो तेव्हा हसायला काही वाटत नाही तुम्हाला, ठीक आहे, पण हे नको.

केळीवाला_रावेर
सॉरी ताई. काढायला सांगतो संपादकांना.

डोंगळा
माझा मुद्दा वेगळा. मी कांदा बियाण्याचा प्लॉट करतो, एरंडोलकडे, डोंगळ्यावर (कांद्याच्या फुलावर) मधमाशी आली नाही तर दाणा भरत नाही, म्हणून पेट्या ठेवतो आणि शेजारच्या वडाला आग्या मोहोळ असतं ते वेगळं. मधमाशी चावली की मरते हे सगळ्यांना माहीत. काट्याला उलटे दाते असतात, आपल्या लवचिक कातडीत अडकतो, ती उडायला जाते आणि पोटाचा भाग तुटून विषाच्या पिशवीसकट तुमच्या हातावर राहतो. नीट बघा, पिशवी माशी गेल्यावरसुद्धा आकसत-फुगत विष सोडत राहते, म्हणून नखाने लगेच खरवडून काढायची. आता ही आत्महत्या नाही तर काय? पोळ्यासाठी जीव देते ना ती?

डॉक्टर_गोठेवाले
डोंगळा, चांगला प्रश्न आहे. पण हीच माशी दुसऱ्या किड्याला डसली तर बहुतेक वेळा मरत नाही, काटा सहज निघतो. म्हणजे डसताना "मी आता मरणार" असा हिशोब तिच्याकडे नाही. आणि कामकरी माशी स्वतः वंश चालवत नाही, पोळं वाचलं तर तिचं रक्त वाचतं, म्हणून निसर्गात हा स्वभाव टिकला. बोर्निओत मुंग्यांची एक जात आहे, २०१८ मध्ये तिला कोलोबोप्सिस एक्स्प्लोडेन्स असं नावच दिलं, शत्रूला धरून स्वतःचं पोट फोडते, आतून पिवळा चिकट विषारी द्रव निघतो. परिणाम बलिदानाचा, पण ठरवून केलेलं म्हणणं अवघड.

डोंगळा
मग सीमेवरचा जवान पण तसाच म्हणायचा का? स्वभाव टिकला म्हणून?

फौजी_चाळीसगाव
जवानाला पेन्शनचं कलम माहीत असतं. माशीला नसतं.

सातपुडी
काही वेळा तर जनावराचं डोकंच दुसऱ्याच्या ताब्यात असतं. रातकिड्याच्या पोटात केसासारखा लांब जंत वाढतो, त्याला पुढचं आयुष्य पाण्यात काढायचं असतं, म्हणून तो रातकिड्याला पाण्यात उडी मारायला लावतो आणि बाहेर पडतो, किड्याच्या कितीतरी पट लांब. उंदराला टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची लागण झाली की मांजरीच्या वासाची भीती जाते. लांबून बघणाऱ्याला वाटेल उंदीर जिवावर उदार झाला.

लेवा_पोरगी
आणि पतंगाचं कोणीच बोललं नाही, गझला किती लिहिल्या गेल्या त्याच्यावर! २०२४ मध्ये त्याचा खुलासा आला, हायस्पीड कॅमेऱ्याने किड्यांना दिव्याभोवती शूट केलं. किडे उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण लाखो वर्षं वरचं आभाळच सगळ्यात उजळ होतं. आता आपण बल्ब लावला की ते पाठ बल्बकडे करतात, वाकडे होतात आणि गोल गोल फिरत अडकतात. बल्बच्या वर गेला तर उलटा होऊन खाली कोसळतो. प्रेमबिम काही नाही, खाली-वर कळत नाही त्याला.

भरीत_प्रेमी
प्रेमातपण तेच होतं ताई.

मालेगावकर
सगळं विज्ञानाने उडवून लावा. मग ते गरुड चाळीस वर्षांचा झाल्यावर डोंगरावर जाऊन चोच दगडावर आपटून तोडतो, नवी येते, मग तीस वर्षं जगतो ते पण खोटं का?

डॉक्टर_गोठेवाले
साफ खोटं. चोच तुटलेला गरुड उपाशी मरतो. हे कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये स्लाइडवर दाखवतात, तिथेच जन्मलं असावं.

इच्चूकाटा
राजस्थान हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं होतं की मोर ब्रह्मचारी असतो आणि लांडोर त्याचे अश्रू पिऊन गाभण राहते. आपण गरुडाचं काय घेऊन बसलो. आमच्याकडे धामण गाईच्या मागच्या पायांना विळखा घालून दूध पिते यावर अजून शपथा घेतात लोक. तिला ओढून चोखायला ओठ कुठे आहेत!

सातपुडी
व्हेलचं राहिलं. तुतिकोरिनच्या किनाऱ्यावर जानेवारी २०१६ मध्ये पायलट व्हेलचा मोठा कळप वाळूवर आला. मच्छीमारांनी समुद्रात ढकलले तर काही परत आले. टीव्हीवाले लगेच सामूहिक आत्महत्या म्हणून मोकळे. त्याच किनाऱ्यावर १९७३ मध्येसुद्धा झालं होतं. ही जात एकमेकाला सोडत नाही, एक आजारी किंवा रस्ता चुकलेला पुढे गेला की बाकीचे येतात. ठेलारीवाट यांची विहीर आठवा.

निवृत्त_मास्तर
आतापर्यंत सगळं पांझराकाठच्या बाजूने चाललंय, म्हणून मी जरा उलट बोलतो. डॉल्फिनचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही, प्रत्येक श्वास तो वर येऊन जाणूनबुजून घेतो. रिक ओ'बॅरी हा अमेरिकेतला डॉल्फिन शिकवणारा माणूस. टीव्हीवर काम केलेली त्याची कॅथी नावाची डॉल्फिन १९७० मध्ये त्याच्या हातात आली, श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही, असं तो सांगतो. तो मानतो ती आत्महत्या होती. त्यानंतर त्याने डॉल्फिन पकडण्याच्या धंद्याविरुद्ध आयुष्य घातलं. आता एका माणसाची साक्ष आहे, मान्य. पण त्या माणसाने तिच्याबरोबर वर्षं काढली होती.
दुसरं, टांझानियातल्या गोंबेच्या जंगलातला फ्लिंट. जेन गुडाल यांनी पाहिलेला चिंपांझी. १९७२ मध्ये त्याची म्हातारी आई फ्लो गेली. आठ वर्षांचं पोर, तसं मोठं, पण आईला चिकटलेलं. खाणं सोडलं, कोपऱ्यात बसून राहायचा, आजारी पडला आणि महिन्याच्या आत आई जिथे गेली त्याच भागात गेला. याला काय म्हणाल?

डॉक्टर_गोठेवाले
दुःख म्हणेन, पक्कं. आत्महत्या म्हणणार नाही. दुःखाने भूक जाते, प्रतिकारशक्ती जाते, साधा आजारही पुरतो. ऑक्टोपसची मादी अंडी घातल्यावर खाणं सोडते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत संपते. लोक म्हणतात मातृत्वाचं बलिदान. १९७७ मध्ये वोडिन्स्की नावाच्या संशोधकाने तिच्या डोळ्यांजवळच्या दोन्ही ग्रंथी काढल्या, तर बाई अंडी सोडून खायला लागली आणि पुढे बरेच दिवस जगली. बलिदान ग्रंथींत होतं.

दादरची_भाकर
डॉक्टर, मग आमचा बैल कशात बसतो ते सांगा. अमळनेर तालुक्यात माहेर माझं. लम्पीच्या साथीत, म्हणजे २०२२ ला आपल्या रावेरपासूनच सुरू झाली होती ती, आमच्या जोडीतला उजवा बैल गेला. दुसऱ्याला काही झालं नव्हतं. पण त्याने गव्हाणीला तोंड लावणं बंद केलं. दादरचा (ज्वारीचा) कडबा तसाच. सरकी ढेप भिजवून पुढे धरली तर नाक लावायचा, फुर्रकन वारा सोडायचा आणि मान वळवायचा. शेजारचा रिकामा खुंटा हुंगायचा, त्याच्या बुडाची माती चाटायचा. रात्री उभाच. आबा त्याच्याजवळ खाट टाकून झोपायचे. आबांचं म्हणणं, "याले समजनं, हाऊ जीव सोडी राहिना" (याला कळलंय, हा जीव सोडतोय). आबा काही अंधश्रद्ध माणूस नाहीत, आयुष्य गोठ्यात गेलंय त्यांचं.

डॉक्टर_गोठेवाले
ताई, त्याचा ताप मोजला होता का? लम्पीत गाठी यायच्या आधी ताप येतो, तोंडात व्रण असले तर खाता येत नाही. आणि पोटात तार-खिळा असला तरी असंच होतं. रवंथ करत होता का?

पांझराकाठ
डॉक्टरांचा प्रश्न बरोबर आहे. गोष्ट रचायची घाई आपल्याला असते. ॲरिस्टॉटलनेसुद्धा लिहून ठेवलंय की एका घोड्याला फसवून त्याच्या आईवर सोडला आणि कळल्यावर त्याने कड्यावरून उडी मारली. १८४५ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात बातमी होती, एक कुत्रा परत परत पाण्यात जाऊन पाय न हलवता बुडून घेतो, लोक काढतात, तो पुन्हा जातो, शेवटी मेला. इतकी वर्षं झाली, पुरावा अजून असाच, कोणीतरी सांगितलेला.

निवृत्त_मास्तर
पांझराकाठ, पण मग पुरावा कसला लागेल तुम्हाला? चिठ्ठी? माणसाच्या बाबतीतसुद्धा मनात काय होतं ते आपण मागून अंदाजानेच सांगतो. हत्ती मेलेल्याची हाडं सोंडेने चाचपत उभे राहतात, चिंपांझीणी मेलेलं पिल्लू कितीतरी दिवस वागवतात. मरणाचं थोडंतरी कळत असेल. कळतं तिथे नकोसंही वाटू शकतं. मी ठामपणे होय म्हणत नाही, पण तुमचं "ठाऊकच नसतं" हे जरा जास्तच ठाम आहे.

पांझराकाठ
विंचू, पतंग, लेमिंग, पक्षी, ही सगळी माझ्या बाजूला द्या. डॉल्फिन आणि चिंपांझी तुम्ही घ्या गुरुजी. एवढी वाटणी चालेल.

ठेलारीवाट
बैल कोणाकडे?

दादरची_भाकर
बैल आमच्याकडेच आहे, वाटणीत घेऊ नका 🙂 डॉक्टर, ताप सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी दोनदा मोजला, नव्हता. तोंड उघडून पाहिलं, साफ. लोहचुंबक फिरवून पाहिलं. रवंथ कमी झाली होती, बंद नव्हती. मग काकांनी त्यांचा म्हातारा बैल आणून त्या रिकाम्या खुंट्याला बांधला. पहिल्या रात्री याने त्याला शिंगं मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा कडबा खात होता तर याने मान लांब करून त्याच्याच गव्हाणीतला ओढला. स्वतःच्या पुढचा नाही, त्याच्या पुढचा. तिथून खायला लागला.

डॉक्टर_गोठेवाले
छान केलं. गुरं कळपात जगणारी, एकट्याला चारा गोड लागत नाही हे आम्ही रोज पाहतो. जीव सोडत असता तर दुसऱ्याच्या गव्हाणीत तोंड घातलं नसतं. आता एक करा, म्हाताऱ्याला लगेच परत नेऊ नका, आणि नवा बैल आणायचा झाला तर आधी काही दिवस तिघांना एकत्र बांधा. बाजाराला एकट्याला नेऊ नका.

दादरची_भाकर
बाजाराचा विषयच नाही. आबा अजून म्हणतात तो मरायलाच बसला होता, तुम्हा डॉक्टर लोकांना काय समजतं. काका आपला बैल परत मागताहेत ते भांडण वेगळं चालू आहे.